मिठागरातली धाकटी

"सध्या काय वाचताय?" असं विचारलं की चांगली चांगली माणसं खोटं बोलतात. पगार विचारला तर निदान विषय तरी बदलतात; पुस्तकाचं विचारलं की बेधडक थाप मारतात. हे माझं मत आजचं नाही, आणि ते बदलावं असं मला फारसं कधी वाटलेलं नाही.

मी गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करतो. बाहेरून बनून येणारे सुटे भाग तपासणं हे माझं काम. सोबतच्या कागदावर सगळं ठीकठाक लिहिलेलं असतं आणि त्या कागदावर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. संशयाची ही सवय कारखान्याच्या फाटकाशी ठेवून घरी येता येत नाही. बायको म्हणते, तू देवळातला प्रसादसुद्धा उलटसुलट करून बघतोस. बघतो, खरं आहे.

चेन्नईत बदली होऊन आल्यावर आम्हाला अड्यारमधल्या एका वाचक मंडळाचा पत्ता लागला. महिन्यातून एका रविवारी दहाबारा मराठी माणसं एका बाईंच्या घरी जमतात. बाई मूळच्या नाशिकच्या, अर्धं आयुष्य इथे शाळेत शिकवण्यात गेलेलं; सगळे त्यांना नुसतंच बाई म्हणतात. त्यांचा नियम कडक. वाचून संपवलेलं पुस्तक आणायचं नाही. जे सध्या हातात आहे, अर्धवट आहे, तेच आणायचं; खूण कुठल्या पानात आहे ते दाखवायचं आणि तिथपर्यंतचंच सांगायचं. तेच पुस्तक दुसऱ्या कुणी वाचलेलं असलं तरी त्याने तोंड उघडायचं नाही. पूर्वी कुणीतरी एका कादंबरीचा शेवट सांगून टाकला आणि त्यावरून दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं, तेव्हापासून हा नियम.

नियम ऐकला आणि माझ्या मनात पहिला विचार आला, ही तर थापाड्यांची चंगळ आहे. पुढचं विचारायचं नाही, म्हणजे पकडणार कसं? पण माझ्याकडे माझी युक्ती होती. खरोखर वाचलेल्या पानांच्या कडा बोटं लागून किंचित मळतात. पुस्तक मिटून बाजूने बघितलं की कुठपर्यंत माणूस गेलाय ते सरळ दिसतं. दर महिन्याला पुस्तकं टीपॉयवर ठेवली की मी कॉफी घेण्याच्या निमित्ताने वाकून कडा बघायचो.

निष्कर्ष वाईट होते. सिरुसेरीत संगणकावर काम करणारा एक तरुण नव्या कादंबऱ्यांवर इतकं सफाईदार बोलायचा की ते बोलणं कुठूनतरी उचललेलं असणार याची मला खात्री होती; त्याच्या पुस्तकांच्या कडा पांढऱ्याशुभ्र. एक दंतवैद्य होते. ते जुने अभिजात ग्रंथच आणायचे आणि खूण कायम प्रस्तावनेत. मी कुणाला काही बोललो नाही. बायकोला मात्र घरी जाताना सगळा अहवाल द्यायचो आणि ती खिडकीबाहेर बघत बसायची.

मग एका रविवारी ते दोघं आले. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले काका आणि त्यांच्या मागून, वेणीत अबोली माळलेल्या काकू. तंजावरकडची मराठी माणसं, पिढ्यान् पिढ्या इथलीच. त्यांची मराठी ऐकताना वाटायचं, आपल्या पणज्या असंच बोलत असतील. फक्त मध्येच तमिळ शब्द यायचे आणि वाक्याचा सूर शेवटी वर जायचा. काकूंच्या हातात तमिळ वर्तमानपत्राचं वेष्टन घातलेली एक जाडजूड जुनी कादंबरी होती. काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. मी वाचक नव्हे, हिला सोडायला आलो, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

काकू सांगू लागल्या आणि मी ती कादंबरी ओळखली. कोकणातल्या एका मिठागरवाल्या घराची गोष्ट. कॉलेजात असताना सुट्टीत मी ती दोनदा वाचली होती. खाडी, मिठाचे वाफे, हेकट बाप आणि त्या घरातली धाकटी मुलगी, गुडघ्यापर्यंत लांब वेणीची, सगळ्यांना पुरून उरणारी. काकू इतकं छान सांगायच्या की सिरुसेरीच्या तरुणाने मोबाइल खाली ठेवला. मी वाकून कडा बघितल्या. चांगल्या मळलेल्या. इथे काही खोट सापडत नव्हती, म्हणून मला जरा चुकल्यासारखंच झालं.

तीनेक महिन्यांनी धाकटीला ताप आला. मला ते पान आठवत होतं, कारण त्या पानावर मी रडलो होतो. धाकटी त्या तापात जाते, बाप मिठागर विकतो आणि पुढची अर्धी कादंबरी त्या रिकाम्या घराची आहे. पुढच्या महिन्यात काकू काय सांगतात याकडे माझे कान लागले होते.

काकू म्हणाल्या, "ताप उतरला. धाकटी आतां उठून बसते. पेज खाल्ली. वैद्य बोलले, परवाइल्ले, काळजी नाहीं."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्याच्या पुढच्या महिन्यात धाकटी मीठ भरलेल्या पडावात बसून बापाबरोबर बंदरावर गेली. माझी स्मरणशक्ती इतकी वाईट नाही. मी पुण्याच्या मेहुण्याला सांगून ती कादंबरी मागवून घेतली आणि ते पान काढलं. धाकटी त्यात जातेच. मग काकू वाचतात तरी काय?

आता मी त्यांच्यावरच डोळा ठेवला. पुस्तक त्यांच्या मांडीवर असायचं, पण सांगताना त्या कधी त्यात बघायच्या नाहीत. एकदा मी अगदी साळसूदपणे म्हटलं, काकू, खाडीचं वर्णन फार सुंदर आहे असं ऐकलंय, दोन ओळी वाचून दाखवता का? काकूंनी पुस्तक उघडलं आणि नवऱ्याकडे बघितलं. काका लगबगीने उठले, पुस्तक हातात घेतलं आणि त्यांनीच एक परिच्छेद वाचला. बसताना म्हणाले, हिची शाळा तमिळ. घरी मराठी बोलतो, पण हिला ही अक्षरं येत नाहीत. माझी नोकरीची पहिली वर्षं पुण्याकडे गेली, तिथे मी शिकलो. संध्याकाळी मी वाचतो, ही ऐकते.

सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. मला वाटलं, सापडला चोर. बायकोला वाचता येत नाही याचा फायदा घेऊन हा गृहस्थ तिला वाटेल ते ऐकवतोय आणि ती बिचारी चारचौघांत तेच सांगतेय. उद्या कुणी हसलं तर हसं तिचं होणार. मला मनापासून राग आला. काकांचं पितळ उघडं पाडायचं असं मी ठरवलं आणि त्याच दिवशी, सगळे चपला घालत असताना, त्यांना जिन्यात गाठलं. काकू आत बाईंशी बोलत होत्या. मी सरळच विचारलं, काका, पुस्तकात धाकटी जाते ना?

काका कठड्याला धरून उभे राहिले. त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग धाकट्या भावाला हाक मारावी तसं हळूच म्हणाले, "जाते, तंबी. मी तिला जाऊं दिलें नाहीं."

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. एकुलती एक मुलगी इथेच, अड्यारच्या इस्पितळात उपचार घेतेय. कर्करोग. औषध द्यायच्या दिवशी आवडीहून पहाटेची लोकल पकडून यायचं आणि दिवसभर बाकावर बसून राहायचं. बाकावर काकू नुसत्या भिंतीकडे बघत बसायच्या, म्हणून त्यांनी घरातलं एकुलतं एक मराठी पुस्तक बरोबर घेतलं. आधी वाचलेलं नव्हतं, आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. एक दिवस वाचता वाचता ते पान समोर आलं आणि काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. तिथून पुढे पान उलटायचं आणि मनाने सांगायचं, असं चाललं होतं. त्यांनी माझा हात धरला आणि सांगू नका म्हणाले.

मी मान हलवली. पण माझा स्वभाव. रस्त्यापर्यंत पोचेतो मला वाटू लागलं, हेही कशावरून खरं? ज्या माणसाने अख्खी कादंबरी फिरवली तो एक मुलगी आजारी पाडू शकत नाही का? काही दिवसांनी त्या भागात काम निघालं, किंवा मी काढलं, आणि इस्पितळासमोरच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहिलो. तिघं बाहेर आली. मुलगी तिशीची, डोक्याला घट्ट बांधलेला निळा रुमाल, भुवयासुद्धा गेलेल्या. बाप उन्हात टोपी न घालता उभा होता म्हणून ती त्याला तमिळमधून रागावत होती. काकूंच्या काखेत ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक होतं. मी पाठ फिरवली. त्या दिवसापासून मला त्या मुलीची फार भीती वाटू लागली, म्हणजे तिच्यासाठी.

आणि नेमकं तेव्हाच बाईंच्या डोक्यात आलं की काकूंच्या तोंडून ऐकून सगळ्यांना त्या कादंबरीची ओढ लागलीच आहे, तर या वेळी सगळ्यांनी तीच वाचू या. प्रत्येकाने येताना ती घेऊन यायची. मी घाईघाईने दुसरी दोन पुस्तकं सुचवली. बाईंना माझाच संशय आला. न वाचण्याचा बहाणा शोधताय, म्हणाल्या. शेवटी मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, उशीर झाला, सिरुसेरीवाल्याने सहा प्रती मागवून वाटल्यासुद्धा. आता मी प्रत्येकाशी बोलते.

त्या रविवारी मी धास्तावूनच गेलो. या मंडळातल्या एकाही माणसावर माझा भरवसा नव्हता. दंतवैद्यांना तर पोटात काही ठेवताच येत नाही, त्यांनी माझ्या मेहुण्याचं लग्न मोडल्याची बातमी मलाच सांगितली होती. काकू नेहमीच्या जागी आणि कोपऱ्यात काका बसले होते, आणि मी काकांना कुणापाशी बोलणार नाही असं मानेने कबूल करून बाईंना सांगून बसलो होतो.

एकेक जण बोलू लागला. तरुण पहिल्या पावसाळ्यातल्या वाफ्यांबद्दल बोलला. कुणी बापाच्या हेकटपणाबद्दल, कुणी वेणीबद्दल. दंतवैद्य धाकटीचं आणि आजोबांचं भांडण सांगताना इतके रंगले की बाईंना त्यांना थांबवावं लागलं. प्रत्येकाची खूण तापाच्या अलीकडच्या पानात होती. एकाचीही जीभ घसरली नाही. कॉफी घ्यायला वाकलो तेव्हा सवयीने माझी नजर पुस्तकांच्या कडांवर गेली. सगळ्यांच्या कडा पार शेवटच्या पानापर्यंत मळलेल्या होत्या. इतकं जपून खोटं बोलायचं तर पुस्तक पुरतं वाचावंच लागतं. दंतवैद्यांनीसुद्धा वाचलं होतं.

काका कुणाकडेच बघत नव्हते. निघताना जिन्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना कळलं होतं की मी बोललो आहे.

पुढे कादंबरी संपायला हवी होती. पानं किती, दर महिन्याला काकू किती पुढे जातात, याचा अंदाज मला होता. आम्ही दुसऱ्या पुस्तकांकडे वळलो, पण काकू तेच पुस्तक आणत राहिल्या. मिठागराला नवा बांध घातला. धाकटीने बंदरावर दुकान काढलं. काकूंचा एखादा महिना चुकला की आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि कुणीच काही विचारायचं नाही. एकदा लागोपाठ दोन महिने ती दोघं आली नाहीत. त्या दिवसांत मी बाईंना फोन करायचो आणि भलतंच काही बोलून ठेवून द्यायचो. मग आली. काका बरेच वाळले होते. काकूंनी सांगितलं, धाकटी दुकान बंद करून घरी बसली होती, आतां परत उघडलें.

माझा संशय होताच. काकूंना खरंच काही ठाऊक नाही? संपलेलं पुस्तक इतके महिने कसं चालतं, असा प्रश्न यांना पडत नाही? तमिळ कादंबऱ्यांचा तर त्या फडशा पाडतात, असं त्यांनी स्वतःच एकदा सांगितलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, आणि चेहरा तपासायची युक्ती माझ्याकडे नव्हती.

गेल्या महिन्यात त्या आल्या तेव्हा वेणीत नेहमीपेक्षा जास्त फुलं होती. पुस्तक मांडीवर घेतलं. धाकटी बंदरावरून घरी आली, म्हणाल्या. मिठाला भाव चांगला आला. मग थांबल्या. पुस्तकाच्या वेष्टनावरून हात फिरवला.

"तिचे केस वाढले," त्या म्हणाल्या. "आतां बारीकशी वेणी घालायला येते."

पुस्तकातल्या धाकटीची वेणी पहिल्या पानापासून गुडघ्यापर्यंत असते आणि शेवटपर्यंत कुणी तिला कात्री लावत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. काकांनी झटकन मान वर केली. हे वाक्य त्यांनी वाचलेलं नव्हतं.

काकूंनी पुस्तक मिटलं, उठून कोपऱ्यात गेल्या आणि ते त्यांच्या हातात दिलं.

"हें तुम्ही सांगायला विसरलांत," त्या म्हणाल्या.

काकांनी पुस्तक घेतलं. मग खिसे चाचपून रुमाल शोधू लागले. तो सापडेना, तेव्हा दंतवैद्यांनी उठून आपला दिला.