लोखंडी कढईतला जवळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आईला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, दुसरं काय! ओळखणाऱ्यांच्या तोंडावर बोलायची धमक असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

मी वेंगुर्ल्याचा. आडनाव पाटील. आता पाटील म्हटलं की माणूस कुठला, कोण, घरात काय शिजतं, कशाचाच पत्ता लागत नाही — आणि मी त्या आडनावाच्या आडोशाला जाऊन बसलो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मास्टर्स करायला ॲरिझोनात उतरलो, तेव्हा घ्यायला अभय आला होता, पुण्याचा. गाडीत बॅगा टाकता टाकता त्याने विचारलं, "तू खात नाहीस ना रे?" काय खात नाहीस, हे वेगळं सांगावं लागत नाही. आपल्याकडे सगळ्यांना कळतं. मी म्हटलं, "छे!"

छे म्हणे! सोमवार सोडला तर ज्याच्या ताटात रोज मासा, आणि पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की सुकट, बोंबील, जवळा — तो मी. काय झालं असतं खरं सांगितलं असतं तर? अभयने रस्त्यावर उतरवलं असतं? मुळीच नाही. जरासं नाक मुरडलं असतं, बस. तेवढ्याला मी घाबरलो.

घरात आम्ही चौघं. अभय, नागपूरचा सतीश, मी आणि वाह्यू. वाह्यू इंडोनेशियाचा, जावा बेटावरचा, अभयच्या लॅबमधला. चौथी खोली रिकामी होती म्हणून अभयनेच त्याला आणला होता. स्वयंपाकघरात मात्र नियम कडक. अभयच्या आईने पुण्याहून एक लोखंडी कढई बरोबर दिली होती आणि बजावलं होतं, यात फक्त आपलंच शिजवायचं. म्हणून वाह्यूची भांडी वेगळी, कपाट वेगळं, घासणीसुद्धा वेगळी. त्याला कधी वाईट वाटलं का? माहीत नाही. त्याने हसत हसत आपल्या भांड्यांना लाल टेप लावून घेतली होती, चुकून आमची त्यांना शिवू नयेत म्हणून.

त्याच्या कपाटात एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात तेरासी. बारीक कोळंबी खारवून, कुटून, आंबवून केलेली काळपट वडी. चटणी करण्याआधी तो तिचा तुकडा विस्तवावर भाजायचा. पहिल्यांदा भाजला तेव्हा अभय तोंडावर रुमाल धरून अंगणात पळाला. सतीश ओरडला, "काय बे, उंदीर मेला का इथं?" आणि मी? माझ्या तोंडाला पाणी सुटलं हो! तो जवळ्याचा वास होता. आमच्या चुलीवर भाजलेल्या जवळ्याचा, तोच, जसाच्या तसा. आणि मी काय केलं — सगळ्यांत मोठ्याने "शी! शी!" केलं. बाहेर जाऊन ओकारीचं सोंग केलं. सोंग इतकं झकास की सतीशने माझ्या पाठीवरून हात फिरवला. आज ते आठवलं की खरी ओकारी येते.

मार्चच्या सुट्टीत आम्ही चौघं गाडीने ग्रँड कॅन्यन बघायला गेलो. वाह्यूने सगळ्यांसाठी डबे केले होते. पहाटे उठून, आमच्यासाठी वेगळ्या भांड्यात, तेरासी न घालता. भात, उकडलेल्या भाज्या आणि वर शेंगदाण्याचं दाटसर कालवण. एकाच डब्याच्या काय काय तऱ्हा झाल्या! सतीश बोटं चाटत म्हणाला की हे आमच्या आजीच्या दाण्याच्या आमटीच्या वर आहे. अभयने भात तेवढा बाजूला काढून दह्याशी खाल्ला. बाकीचं झाकून ठेवलं, पण अपमान नको म्हणून "व्हेरी नाइस, व्हेरी नाइस" म्हणत राहिला. वाह्यू स्वतःच्या डब्यातली लाल चटणी बोटाने घेत होता आणि तिचा वास माझ्या नाकात शिरत होता. मी डबा उघडला, हुंगला आणि बंद केला. "सॉरी, मला नाही जमणार," म्हटलं. पोटात कावळे कोकलत होते. अभयला सभ्यपणा सुचला, मला तोही सुचला नाही. सोंगाड्याला सोंग जास्तच रंगवावं लागतं ना?

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणतोय आणि किती वेळ घुटमळतोय, बघा.

जुलैतला शनिवार. अभय आणि सतीश लॉस एंजेलिसला गेले होते. वाह्यू लायब्ररीत, कारण अकरा दिवसांवर त्याची पीएचडीची मोठी परीक्षा होती. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन. घरात मी एकटा. मी त्याचं कपाट उघडलं, डबा काढला आणि वडीचा एक कोपरा सुरीने कापला. त्याचं लाल टेपवालं भांडं घेता आलं असतं. पण ते पडलं नॉनस्टिक, त्यात आईच्या हातची चव कुठून यायची? मला लोखंड हवं होतं. अभयची कढई घेतली. कांदा, खोबरं, लाल तिखट आणि तो तुकडा, खरपूस होईपर्यंत परतलं. तीनदा भात घेतला. शेवटी कढई भाताने पुसून तो भातही खाल्ला. मग साबण, लिंबू, मीठ — जे सापडलं त्याने ती घासली. खिडक्या उघडल्या. उदबत्ती लावली. घरच्या पोरासारखा जेवलो आणि चोरासारखा आवरून ठेवलं.

लोखंड वास सोडत नाही, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. आमच्या घरीसुद्धा माशांची कढई वेगळी असते.

रविवारी संध्याकाळी अभयने पोह्यांची फोडणी टाकायला कढई तापवली. तेल तापलं आणि वास उठला. तो बेसिनवर वाकून भडाभडा ओकला. त्याचं सोंग नव्हतं. तोंड पुसून कढई हातात धरून उभा राहिला, डोळ्यांत पाणी. "आईची कढई आहे रे," एवढंच म्हणाला. मग वाह्यूला बोलावलं. वाह्यू म्हणाला, "मी त्या भांड्याला कधी हात लावत नाही. तुम्हाला माहीत आहे."

खरं तर तिथे संपू शकलं असतं. अभयचं मन डळमळलं होतं, मला दिसत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "पाटील, तू घरीच होतास ना?"

गप्प बसलो असतो तर निदान भित्रा ठरलो असतो. मी गप्प बसलो नाही. मी म्हटलं, "हो. काल मी पाहिलं त्याला, याच कढईत परतत होता. मी बोललो नाही, उगाच भांडण नको म्हणून."

वरून मोठेपणाही घेतला, बघा!

वाह्यूने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, अगदी शंभर टक्के. वडी तो हाताने मोडायचा, सुरी कधी लावत नसे, आणि डबा तर त्याने सकाळीच उघडला असणार. मी वाट बघत राहिलो की आता बोलेल. तो म्हणाला, "ओके. सॉरी, अभय." आणि खोलीत जाऊन पुस्तकं खोक्यात भरायला लागला. कुणी त्याला जा म्हटलं नव्हतं. कुणी थांबही म्हटलं नाही.

दोन आठवडे तो लॅबमध्ये टेबलाखाली झोपत होता, हे मागून कळलं. परीक्षेत नापास झाला. मास्टर्स घेऊन डिसेंबरात परत गेला. माझ्यामुळेच झालं का? नक्की कोण सांगणार? पण परीक्षा दहा दिवसांवर असताना त्याच्या डोक्यावरचं छप्पर मी काढलं, एवढं तर नक्की. तो गेल्यावर त्याचं कपाट मीच फिनाइलने पुसलं. वर सतीशला म्हटलं, "सुटलो यार." पुढे गणपतीच्या कार्यक्रमांत, पॉटलकमध्ये, 'आमचा इंडोनेशियन आणि अभयची कढई' हा किस्सा मीच रंगवून सांगायचो. नाक धरून, वासाची नक्कल करून. काका-काकू हसून लोटपोट व्हायचे. शी! स्वतःबद्दल लिहितानासुद्धा हात धुवावेसे वाटतात.

अजून एक राहिलंय. तेच सांगायचं टाळत होतो.

दोन वर्षांनी अभयला नोकरी लागली आणि तो घर सोडून निघाला. सामान बांधताना म्हणाला, "पाटील, आपण जरा जास्तच केलं यार. एका कढईपायी! मी डिपार्टमेंटमधून वाह्यूचा पत्ता आणलाय. सॉरी म्हणून पत्र टाकतो." अभयचं पत्र गेलं की वाह्यूचं उत्तर येणार, आणि त्या उत्तरात काय असेल? मी म्हटलं, "तू घाईत आहेस. दे इकडे, सगळ्यांच्या वतीने मीच लिहितो." त्याने पत्त्याचा कागद दिला. मला मिठीसुद्धा मारली. तो गेल्यावर मी कागदाचे तुकडे केले आणि टॉयलेटमध्ये टाकून पाणी सोडलं.

नाताळात त्याचा फोन आला. वाह्यूचं काही उत्तर? मी म्हटलं, "लिहिलं रे दोनदा. त्याने काही उत्तर दिलं नाही."

अभय अजूनही विषय निघाला की हळहळतो. म्हणतो, माणूस चांगला होता, पण मनात धरून बसला, माफ नाही केलं त्याने आपल्याला. मी "हं" म्हणतो.