रोलरकडे पाठ करून

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचा ठोकळा दाबयंत्रात ठेवत होते. अकोल्याला, राहत्या घरी, हृदयविकाराचा झटका. मी चाचणी पूर्ण केली, नोंद लिहिली आणि मग अकोल्याची बस पकडली.

मामा सरकारी रस्त्यांची कंत्राटे घेत. त्यांचे जुने मिस्त्री गजाननभाऊ यांना ऐकू येईनासे झाले, तेव्हा त्यांना घरी बसवा, असा सल्ला सर्वांनीच दिला. मामांनी उलट आणखी तीन कर्णबधिर कामगार घेतले. अपघात झाल्यास जबाबदार कोण, असे बांधकाम खात्याच्या कार्यालयाने विचारताच त्यांनी स्वतःचे नाव लिहून दिले. नियम एकच घातला: रोलर मागे घेण्याआधी चालकाने खाली उतरून चौघांच्याही खांद्याला हात लावायचा. मी धोक्याचे दिवे आणि मनगटावर थरथरणारे पट्टे सुचवणारा बारा पानी आराखडा करून दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. "बाई, बरोबर आहे तुह्यं. दिवे लावू, पट्टे बांधू. पन हात लावनं सोडाचं नाही. बॅटरी उतरते."

तेरवीनंतर कार्यालयाचे पत्र आले. आठ दिवसांत नवी जबाबदार व्यक्ती कळवा, अन्यथा चौघांना कामावरून कमी करा. मामी म्हणाली, "तुह्याशिवाय कोन हाय?" मी धोक्याची शक्यता पुन्हा पुन्हा मांडून पाहिली. ती लहान होत गेली, शून्य झाली नाही. कुणी माझ्या सहीखाली चिरडले गेले तर... हे वाक्य मला पूर्ण करता येत नव्हते.

आठव्या दिवशी माझ्या नावाचे, सही न केलेले उत्तराचे पत्र घेऊन बडनेऱ्याजवळच्या कामावर गेले. गजाननभाऊंनी खिशातून कापसाचे दोन बोळे काढून माझ्या तळहातावर ठेवले. मला काहीच उमगेना. रोलरचालक रहीमचाचा म्हणाले, "तुमचे मामा दर कामाच्या पयल्या दिवशी हेच करत, ताई. कानात कापूस अन् रोलरकडे पाठ. म्हनत, मले भेव नाही वाटलं, तं या चौघायचं भेव कसं समजीन?"

मी कापूस घातला, पाठ केली. तळव्यांखालची जमीन हादरू लागली, मग थांबली. चाचा उतरले असतील, कदाचित नसतीलही... मान वळवण्याचा मोह अनावर होत होता. समोर गजाननभाऊ माझ्या चेहऱ्याकडे एकटक पाहत होते. खांद्यावर हात पडला तेव्हा मी ओरडले, आणि तो आवाज मला स्वतःलाच नीट ऐकू आला नाही.

सही तिथेच केली, कागद गजाननभाऊंच्या पाठीवर ठेवून. ती वाकडी आली आहे.