नंदुरबारात शेकोटीवाला टीव्ही स्टँड

फर्निचरच्या दुकानात लाकडाचे तुकडे उरतात, ते जळणाला जातात. किस्से उरतात, ते मात्र कुठेच जात नाहीत. एका टीव्ही स्टँडने तर मला इतके किस्से दिले, की तो नफ्यातच धरावा लागेल.

सुरतच्या एका प्रदर्शनात मी तो पाहिला. फार्महाऊस स्टाइल, आणि मधोमध काचेआड विजेची शेकोटी! ज्वाळा लाइटच्या, हवा असेल तर हीटर वेगळा. हॉलला एसी होता, त्यामुळे कल्पना पटली.

नंदुरबारात टेम्पोतून माल उतरला, तेव्हा एप्रिल लागलेला. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, पुढच्या खेपेला कूलरला घालायला स्वेटर आण!"

मग त्याने अट घातली. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, नग गेला नाही, तर तो माझ्या हॉलमध्ये बसणार.

* * *

तापीकाठचे एक केळीवाले काका आले. स्टँडचा रंग मुद्दाम खरवडलेला, तो बोटाने चाचपत म्हणाले, "रंग उडाला आहे. किती कमी करणार?"

"काका, ती डिझाइन आहे. तिचे जास्त लागतात."

"असं? मग माझ्या गोठ्याचं दार घेऊन जा. पंचवीस वर्षांची डिझाइन आहे!"

* * *

एका मिरचीवाल्या मित्राने विचारलं, "यावर मिरची वाळेल का?" मला वाटलं, थट्टा. त्याने खिशातून चार मिरच्या काढून हीटरच्या तोंडाशी ठेवल्या!

दहा मिनिटांत अख्खं दुकान खोकत रस्त्यावर. तो डोळे पुसत म्हणाला, "हीटर ओके आहे. जागा कमी पडते."

* * *

अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यातले एक गृहस्थ पलंग घ्यायला आले होते. शेकोटीपुढे बराच वेळ उभे राहिले.

"लाइट गेली तर?"

"तर बंद."

"आमच्याकडे थंडीत आधी लाइटच जाते," म्हणाले, आणि पलंग घेऊन गेले.

* * *

शेवटी आखाजीच्या चार दिवस आधी गिऱ्हाईक लागलं. लोणखेड्याचे सुरेशभाऊ आणि त्यांची आई, जिजाबाई. नवा फ्लॅट, मोठा टीव्ही. टीव्ही सुरेशभाऊंच्या वडिलांच्या, तात्यांच्या हट्टाने घेतलेला; ते टीव्हीशिवाय ताटावर बसत नसत. गेल्या वर्षी तात्या वारले.

जिजाबाईंनी ज्वाळा बघितल्या. "आठे आगारी टाकता यी का, भाऊ?"

आखाजीला आमच्या खान्देशात पितरांचा घास निखाऱ्यावर ठेवतात, वर तूप सोडतात, ती आगारी. भडका झाला की पितर जेवले. मग घरचे जेवतात. फ्लॅटमध्ये ना चूल, ना निखारा.

मी घाईत होतो. "आजी, एकदम खऱ्यासारखी आग आहे!" म्हटलं. भावाकडे बघून हसलोसुद्धा.

आखाजीला भर दुपारी फोन. "शेठ," सुरेशभाऊंचा आवाज पडलेला, "घास कधीचा काचेपुढे ठेवेल शे. तात्या जेवत नहीत. घरमा सगळा उपाशी! माय म्हणस, माल परत लई जा."

टेम्पो काढला. वाटेत कोळशाच्या इस्त्रीवाल्याकडून घमेलंभर निखारे घेतले आणि लोणखेडं गाठलं. स्टँडपुढे ताटलीत निखारे मांडले. जिजाबाईंनी पुरणपोळीचा घास ठेवला, तूप सोडलं. नुसता धूर! पुन्हा तूप. पुन्हा धूर. पोरं खोकायला लागली.

"ऱ्हाऊ द्या," जिजाबाई म्हणाल्या. "लई जा तुमनं."

मी मुकाट्याने स्टँडच्या मागे वाकलो, वायरी काढायला. अंधारात भलतंच बटण दाबलं गेलं. टीव्ही खणखणीत आवाजात बातम्या सांगायला लागला, आणि ताटलीत हातभर भडका!

जिजाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, हात जोडले आणि मुलाकडे वळल्या.

"देखं? टीव्ही सुरू व्हताच तात्या जेवी ग्यात!"