आत्याच्या घरचं डोमिसाइल

माझ्या नवऱ्याचा देवावर विश्वास नाही, डोमिसाइलवर आहे. आम्ही इंग्लंडमध्ये रीडिंगला राहतो, तो इथल्याच एका आयटी कंपनीत आहे, लेकीचा जन्मही इथलाच. पण कुठलंही काम निघालं की हा माणूस आधी विचारतो, "आपण कुठले धरले जातो?" पार्किंगचं परमिट असो नाहीतर कौन्सिलच्या स्विमिंग पूलचं तिकीट. लग्नानंतर सुरुवातीला मला गंमत वाटायची. पुढे वीट आला.

यामागचं कारण मला तोंडपाठ आहे. सासरे बँकेत होते. हा बारावीत जाणार त्याच वर्षी त्यांची इंदूरला बदली झाली आणि त्यांनी सगळं बिऱ्हाड उचललं. बारावी इंदूरला झाली. मग नाशकात जन्मलेला, अकरावीपर्यंत नाशकातच शिकलेला हा मुलगा महाराष्ट्रात मेडिकलला अर्ज द्यायला गेला, तर खिडकीतल्या कारकुनानं त्याला बाहेरचा ठरवून टाकलं. बारावी इथली नाही म्हणजे तू इथला नाहीस. मार्क होते, सीट गेली. ही गोष्ट त्यानं मला पहिल्या भेटीतच सांगितली होती. मी तेव्हा हळहळलेही होते, काय करणार, नवीन होते.

लेक इयर ट्वेल्व्हमध्ये, म्हणजे आपल्या अकरावीत असताना एका रविवारी पोहे खाता खाता म्हणाली, "मी फक्त स्कॉटलंडलाच अप्लाय करणार आहे. मरीन बायॉलॉजीला."

"पाचही चॉइस?" मी विचारलं. इथे एकूण पाच युनिव्हर्सिट्यांना अर्ज करता येतो.

"पाचही."

मी चमचा खाली ठेवला. आमच्या घरात कधी मासा शिजला नाही, आणि हिला आयुष्यभर मासेच बघायचे. बरं, तेही ठीक. पण रीडिंगहून ट्रेननं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशा युनिव्हर्सिट्या सोडून ही बया पार वर टोकाला निघाली होती. मी विचारलं, "समुद्र काय इंग्लंडला नाही का?"

"आई, तिकडचं समुद्र वेगळं आहे," ती म्हणाली. तिचं मराठी असंच आहे, पण निश्चय पक्का होता. गेल्या समरमध्ये शाळेच्या ट्रिपला ती तिकडच्या किनाऱ्यावर आठवडाभर गमबूट घालून दगड उलटे करत फिरली होती, तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

मला वाटलं, बाप तरी माझ्या बाजूनं बोलेल. हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मान वर केली तेव्हा डोळे चमकत होते.

"स्कॉटलंडच्या मुलांची फी त्यांचं सरकार भरतं," तो म्हणाला.

"ती रीडिंगची आहे."

"आत्ता आहे."

तिथेच मला कळलं की हे प्रकरण आता माझ्या नणंदेकडे जाणार. तिथेच गेलं.

नणंद लग्न झाल्यापासून स्कॉटलंडमध्येच, ग्लासगोच्या बाहेर राहते. नवऱ्याहून थोरली. त्या घरात तिच्या शब्दाबाहेर कोणी गेलेलं मी पाहिलेलं नाही, आणि माझा नवरा तिच्याशी बोलताना पुन्हा चड्डीतला होतो. माझ्या बाळंतपणाला ती मदतीला म्हणून आली आणि माझं अख्खं स्वयंपाकघर स्वतःच्या सोयीनं लावून गेली. हिंगाची डबी मला पुढे कित्येक दिवस सापडत नव्हती. तर हिला फोन लागला, नेहमीसारखा स्पीकरवर, म्हणजे मी काही बोलले की तिला ऐकू जावं.

"पाठव रे तिला," ती म्हणाली. "आत्याचं घर काय परकं आहे का? मुलं गेल्यापासून वरची खोली रिकामीच पडली आहे. ऑगस्टपासून इकडच्याच शाळेत घाल. दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी असतात, मलाही हाताखाली कोणीतरी होईल."

हाताखाली. माझी लेक.

"ताई, तिचे ए-लेव्हलचे तिन्ही विषय अर्धे झालेत," मी म्हणाले. "तुमच्याकडे परीक्षाच वेगळी असते. इयर थर्टीन म्हणजे आपली बारावी. ऐन बारावीत मुलीला हलवायचं का?"

"अगं, हुशार आहे ती, एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

"एका वर्षाचा तर प्रश्न आहे," नवऱ्यानं री ओढली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नणंदेसमोर मी नवऱ्याला अहोजाहो करते. घरात आम्ही अरेतुरेवरच असतो, पण तिच्यासमोर नाही, सासूबाईंनी घालून दिलेली पद्धत आहे. आणि अहोजाहो करत धड भांडता येत नाही. "अहो, जरा विचार करा," एवढंच म्हटलं आणि मूग गिळून बसले.

लेक तर फोन संपायच्या आत वर निघून गेली. मी तिला तिच्या खोलीत जाऊन विचारलं, तुला आत्याकडे जायचंय का? ती म्हणाली, नाही. मग सांग ना बाबाला. तर म्हणते, "मी नाही म्हटलं तर तो स्कॉटलंडच नाही म्हणेल." एवढ्या घासाघिशीला ती तयार झाली होती. मैत्रिणी, शाळा, बायॉलॉजीची ती लाडकी टीचर, सगळं सोडून वर्षभर आत्याच्या चकल्या पाडायच्या, परीक्षा नव्यानं सुरू करायची, आणि त्यात मार्क गेले तर समुद्रही गेला. मला ती स्कॉटलंडला जायला नकोच होती, खोटं कशाला सांगू. पण जाणार असेल तर स्वतःच्या मार्कांवर जावी, आत्याच्या वरच्या खोलीतून नव्हे.

इकडे बापाचं घोडं पुढेच. त्यानं एक फाइल केली. नणंदेचं कौन्सिल टॅक्सचं बिल, तिच्या घराच्या कागदांच्या झेरॉक्स, तिथल्या शाळेशी झालेले ईमेल. लेकीचं नाव तिकडच्या जीपी डॉक्टरकडे कसं घालायचं याची चौकशीसुद्धा नणंदेनं करून ठेवली होती. मी म्हटलं, अरे, नियम तरी नीट वाच. तो म्हणाला, वाचलेत. सरकारी पान वरून अर्धं वाचायचं आणि बंद करायचं ही याची जुनी सवय. वर "डोमिसाइलचं मला शिकवू नकोस" हेही ऐकवलं.

जूनमध्ये लेकीला हव्या असलेल्या युनिव्हर्सिटीचा ओपन डे होता, मुलांनी आईबापांसकट येऊन बघून जायचा. आदल्या दिवशी आम्ही नणंदेकडे उतरलो. तिनं लेकीला वरची खोली दाखवली. टेबलावर नवा दिवा आणून ठेवला होता, आणि कपाटाच्या खालच्या खणात चकलीचे सोऱ्ये. सकाळी आम्ही चौघं तिच्या गाडीतून गेलो.

मोठा हॉल होता, प्रत्येक विषयाचं टेबल मांडलेलं. लेक मरीन बायॉलॉजीच्या टेबलाशी जी थांबली ती हलेना. तिथल्या एका मुलाशी ती शिंपल्यांवर असं काही बोलत होती की मी बघतच राहिले. घरी तिला दोन वाक्यं बोलताना कंटाळा येतो. पण बापाला धीर नव्हता. त्यानं तिला दंडाला धरून फीच्या टेबलाशी आणलं, फाइल उघडली आणि तिथल्या बाईंना छाती पुढे काढून सांगितलं, "आम्ही हिला शिक्षणासाठी माझ्या बहिणीकडे इथे आणून ठेवणार आहोत."

बाईंनी फाइलला हातही लावला नाही. त्या चांगल्या होत्या, शांतपणे बोलल्या. त्या म्हणाल्या, जो शिकायला म्हणून स्कॉटलंडला येतो, त्याला आम्ही इथला धरत नाही, इंग्लंडचाच धरतो.

"पण शेवटचं वर्ष ती इथल्या शाळेत असेल," नवरा म्हणाला.

असली तरी, त्या म्हणाल्या. ती शिकायलाच आली ना. आणि मग त्यांनी लेकीकडे बघून विचारलं, तुझे प्रेडिक्टेड ग्रेड, म्हणजे शाळेनं धरलेले अंदाजे ग्रेड, काय आहेत? तिनं सांगितले. बाई म्हणाल्या, मग तू रीडिंगहूनच अर्ज कर. इथल्या मुलांचे पैसे सरकार देतं म्हणून त्यांच्या जागा ठरलेल्या असतात, तिथेच जास्त चुरस असते. इंग्लंडची मुलं फी स्वतः भरतात, त्यांच्या जागांचा हिशेब वेगळा असतो. तुझ्या ग्रेडवर मला तरी काळजी वाटत नाही.

झालं. एवढंच होतं. इतके महिने ज्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतं, ते मिळणार तर नव्हतंच, आणि मिळालं असतं तर उलट दरवाजा अरुंद करणारं होतं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो फाइलमधली पानं उलटत होता, जसं काही त्यातच कुठेतरी उत्तर आहे.

"असू दे रे," नणंद मागून मराठीत म्हणाली. "या काय सांगतात ते सगळंच खरं नसतं. वर्षभर राहू दे माझ्याकडे. मग बघू, कुणाला तरी भेटू."

आणि हा माणूस म्हणाला, "हो, अजून कुठेतरी विचारता येईल."

लेकीचा चेहरा मी पाहिला. आत्ता कुठे फुलला होता, तो पुन्हा मिटला.

"अरे, तुला कळतंय का तू काय करतोयस?" मी म्हणाले. नणंदेसमोर, फीच्या टेबलाशी, मागे रांग. "तुला बारावीत उचलून इंदूरला नेलं, म्हणून तू बाहेरचा झालास ना? आयुष्यभर मला तेच ऐकवलंस. मग हिला बारावीत कशाला उचलतोयस?"

"नवऱ्याशी असं बोलतात?" नणंद म्हणाली.

"हो, बोलतात," मी म्हणाले.

 फाइल बंद करून नवऱ्यानं ती काखेत धरली. बाईंनी मागच्या कुटुंबाला पुढे बोलावलं. परतीच्या ट्रेनमध्ये रीडिंग येईपर्यंत आम्ही तिघं तीन खिडक्यांतून बाहेर बघत होतो, आणि नणंदेचा तो सोऱ्यांचा खण आठवून माझं डोकं पुन्हा पुन्हा तापत होतं.

ऑगस्ट आला, गेला. आत्याकडे कधी जायचं याबद्दल कोणी काही बोललं नाही, आणि कोणी नाहीही म्हटलं नाही. सप्टेंबरमध्ये लेक आपल्या जुन्या शाळेत गेली. तिनं पाचही अर्ज स्वतः केले, पाचही तिकडचेच. नणंद दर आठवड्याला फोन करून विचारायची, खोली ठेवू ना? नवरा म्हणायचा, बघू. दिवाळीला तिचं फराळाचं पार्सल आलं. मी चकल्या शेजाऱ्यांना वाटून टाकल्या. चांगल्या झाल्या होत्या, तेवढ्यासाठी एक ठेवली.

नाताळच्या आधी एका सकाळी लेक पायऱ्या उतरतानाच मोबाइल वाचत आली. तिला हवी होती तिथली ऑफर होती, ग्रेड मिळाले की जागा पक्की. मी तिला जवळ घेतलं आणि रडले. अर्धं आनंदानं, अर्धं रागानं, कारण आता ही खरंच जाणार होती.

नवरा ओट्याशी चहा गाळत होता. त्यानं न वळता विचारलं, "कुठली म्हणून?"

"इंग्लंडची," लेक म्हणाली. मग त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. "बाबा, बाहेरची म्हणूनच घेतलं त्यांनी मला."

तिला ते त्याला खूश करायला सांगायचं होतं. तो गाळणं हातात धरूनच वळला. चहा ओट्यावर ठिबकत होता.

"मला नव्हतं घेतलं," तो म्हणाला.

माझ्या तोंडाशी कितीतरी उत्तरं आली होती. मी त्याच्या हातातलं गाळणं काढून घेतलं.

मग त्यानं हात पुसले आणि बहिणीला फोन लावला. स्पीकरवर टाकला नाही, कानाला धरला. "ताई," तो म्हणाला, "खोली ठेवू नकोस. ती रीडिंगची आहे. रीडिंगहूनच येईल."