तळहाताएवढी सीट

नवऱ्याने बुक केलेली नवी मोटरसायकल मी शोरूममध्ये पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला वाटलं हिला मागून कुणीतरी लाथ घातली आहे. ढुंगण वर आणि डोकं खाली. पुढचा दिवा म्हणजे दोन बारीक चिरा, झोपमोड झालेल्या माणसाच्या डोळ्यांसारख्या. टाकीला इतके कोपरे की फडकं फिरवायचं तर हात सांभाळावा. दोन्ही बाजूंना हवा आत जायला म्हणून ऐटदार भोकं. मी एकात बोट घातलं, तर आत बंद. नुसतं प्लॅस्टिक, तेही दाबलं की पापडासारखं कुरकुरणारं. मॉडेल बाजारात नुकतंच आलं होतं आणि नवरा त्याच्याभोवती असा फिरत होता, जणू त्यानेच ते जन्माला घातलं.

आमच्या दिघी-भोसरीपासून चाकणपर्यंत घरटी एक माणूस गाडीच्या कुठल्या ना कुठल्या तुकड्यावर पोट भरतो. त्यामुळे इकडे नवी गाडी कुणी नुसती बघत नाही, तपासतात. पेढा तोंडात असतो आणि बोट वेल्डिंगवर फिरत असतं. माझा नवरा पार्टच्या कंपनीत क्वालिटीत आहे, म्हणजे आमच्या घरात पोळीही गोल आहे का ते पाहून खाल्ली जाते. गाडी ताब्यात घ्यायला त्याने दोन दोस्त आणले होते. एक पेंट शॉपमधला, एक प्लॅस्टिक मोल्डिंगमधला. सोबत उजेडाला बॅटरी आणि फिलर, म्हणजे फटीत सरकवून फट मोजायच्या पोलादी पात्यांची जुडी. शोरूमच्या चकचकीत फरशीवर तिघे उताणे पडले. मी ठेवणीतली साडी नेसून, ओवाळायचं ताट धरून उभी.

"पेंट बराय राव, पण कडंला पातळ मारलाय," पेंटवाला खालून म्हणाला.

मोल्डिंगवाला इथल्याच जुन्या गावचा. त्याने फिलर आत-बाहेर केला. "फट काय एकसारखी न्हाई. पर चालतंय. आमी बी असंच पास करतो."

मी चाकणला वायरिंगच्या कंपनीत आहे. दिवसभर फळीवर वायरी मांडायच्या आणि टेप गुंडाळायची. मलाही राहवेना. वाकून हँडलखाली पाहिलं, तर वायरींचा जुडगा असा बांधलेला की हँडल वळलं की चेपणार.

"अहो, हे घासणार बघा इथं," मी म्हणाले.

"तू ताट धर नीट," नवरा म्हणाला. "दिवा इझंल."

मग पूजा. चाकांखाली लिंबं ठेवली, हार घातला, पण कुंकू लावायला त्या दिव्यावर जागा सापडेना. शेवटी टाकीवर स्वस्तिक काढलं, तर नवऱ्याचा चेहरा असा झाला, जणू मी टाकीला ओरखडाच काढलाय. शोरूमच्या माणसाने विचारलं, "साडीगार्ड ठेवायचं की काढायचं?" मागच्या चाकात पदर जाऊ नये म्हणून असते ती जाळी. "काढा," नवरा म्हणाला, "लूक जातो." मी मनातल्या मनात नाक मुरडलं. बाहेर आमची जुनी गाडी उभी होती. ती एक्सचेंजमध्ये गेली.

त्या जुन्या गाडीत दिसण्यासारखं काही नव्हतं. पण तिची सीट लांब, सपाट, बाकासारखी होती. आम्हा दोघांची पहिली शिफ्ट, त्यामुळे रोज सकाळी मी तिच्यावर त्याच्यामागे बसून चाकणला जायची. घरात दोन खोल्या, सासूबाई, मुलं, टीव्ही. नवरा-बायकोने काही बोलायचं तर ते रस्त्यावरच. मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, गावाकडे लातूरला कधी जायचं, दीर असं का वागतो, सगळं भोसरी ते चाकणमध्ये ठरायचं. भांडणंही तिथंच व्हायची. तो हेल्मेटमधून "काय?" असं ओरडायचा आणि मी सगळं पहिल्यापासून सांगायची. कधी त्याच्या पाठीला डोकं टेकून डुलकी काढायची. मला ती वेळ फार आवडायची, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

पुढच्या सोमवारी मी नव्या गाडीवर चढले. चढले म्हणजे अक्षरशः चढले. मागची सीट वेगळी, उंचावर, तळहाताएवढी, आणि पाटासारखी कडक. पाय ठेवायची दांडी इतकी वर की गुडघे छातीशी. धरायला काही नाही. सीटला उतार पुढे, त्यामुळे त्याने ब्रेक दाबला की मी त्याच्यावर आणि माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर. मोशीपर्यंत माझी कंबर बोलायला लागली. इंद्रायणीच्या पुलाअलीकडे मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि उतरले.

खरं सांगायचं तर मला आतून आनंदच झाला होता. इतकी वर्षं माझ्या पोळ्यांत खोट काढणाऱ्याच्या हातून एवढी मोठी खोट सुटली होती!

"तिघं तिघं गेलात," मी म्हणाले. "फिलर घेऊन फरशीवर लोळलात. आन् मागं माणूस बसणार कुठं, हे एकालाबी दिसलं नाही? हीच का तुमची क्वालिटी?"

तो बाहीने टाकी पुसत होता. माझं कुंकू तिथून कधीच गेलं होतं.

"पाह्यलं व्हतं की," तो म्हणाला. "बुक करायच्या आधीच मागं बसून पाह्यलं मी. तुला जमणार नाही, हे तवाच कळलं. तुझ्या कंपनीची बस आपल्या कोपऱ्यावरनं जाते. ड्रायव्हरला इचारून ठिवलंय मी. उद्यापासनं तीच धर."

हे त्याने अगदी सरळ सांगितलं, एखाद्या पार्टचं माप सांगावं तसं. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. मला फार वाईट वाटलं. मी पुन्हा त्या पाटावर चढले आणि चाकणपर्यंत आम्ही काही बोललो नाही.

आता मी बसने जाते. मोशीच्या गर्दीत बस अडकली की शेजारच्या फटीतून तो पुढे निघतो. गाडीचं प्लॅस्टिक आत्ताच वाजायला लागलंय, खिडकीतून ऐकू येतं. हँडल डावीकडे वळवलं की हॉर्न बंद पडतो, तेही मला कळतं. मी त्याला सांगत नाही. मागच्या सीटवर त्याने लवचिक दोरीने जेवणाचा डबा आवळलेला असतो. सकाळी उठून तो मीच भरते. तिथं तो अगदी नीट मावतो.