प्रत्येक देवाभोवती एक वर्तुळ

नांदेड स्टेशनवर मंगल मला घ्यायला आली, ती हातात रिकामी पिशवी घेऊन. "आधी औषधं घेऊ, मग चहा," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी भेटतोय, मिठी वगैरे मारावी, तर बाईसाहेब पुढे चालूही लागल्या. आम्ही दोघी याच शहरात वैद्यकी शिकलो, वसतिगृहात एका खोलीत राहिलो. मी लग्न करून सांगलीला गेले आणि वैद्यकी सोडली. ती लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेली आणि गावाची डॉक्टरीणबाई झाली.

औषधांच्या दुकानात तिने इतर सामानाबरोबर तेलाच्या काही लहान बाटल्या घेतल्या. हे तेल भांगेच्या पानांचं. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात आणि वैद्याच्या चिठ्ठीवर हे औषध विकायला कायद्याची परवानगी आहे. कर्करोगाच्या दुखण्यात काही रोग्यांना त्याने आराम पडतो. गावाच्या जवळपास ते कुठे मिळत नाही, म्हणून मंगल दर महिन्याला नांदेडला येते. आता तिचे गुडघे गेलेत आणि लातूरला राहणारी मुलगी तिला कायमची बोलावते आहे. जाण्याआधी गावात एक दुकान उघडायचं, ओळखीच्या तरुण वैद्याला तिथे बसवायचं, असं तिने ठरवलं होतं. तेल बनवणाऱ्या कंपनीचे कागद आले होते. राहिली होती ती गावाची संमती, आणि ग्रामसभा दुसऱ्याच दिवशी होती.

लोहा सोडल्यावर आमच्या बसचं चाक बसलं. उतरून रस्त्याकडेला उभ्या राहिलो. कापणी झालेली काळी रानं, मधूनच तुरीचा पिवळसर पट्टा, आणि एकामागून एक उसाचे ट्रॅक्टर. कंडक्टरने शेजारच्या शेतातून ओला हरभरा आणून सगळ्यांना वाटला. शेत कुणाचं, विचारलं तर म्हणाला, "खा की मावशी, मालक बी ह्याच गाडीत हाय." मालकाने बसच्या मागच्या खिडकीतून हात वर केला. मला हे लोक फार आवडले, आणि म्हणूनच पुढचं लिहिताना वाईट वाटतं.

अहमदपूरला चहा झाला. चाकूरला बस सोडून जीप धरली आणि ऊन उतरता उतरता गावात पोचलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शिरूर अनंतपाळच्या बाजूला अशी गावं पुष्कळ आहेत.

सकाळी मंगलने सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना शेंगदाण्याच्या कुटाची फोडणी) खाऊ घातली आणि मला तात्यांकडे नेलं. तात्या म्हणजे खंडोबाच्या देवळाचे विश्वस्त, गावात शब्दाला वजन असलेले शेतकरी. कर्करोग पाठीच्या मणक्यात उतरलेला. अंगणात बाजेवर उशांना टेकून बसले होते. सून सुलोचना चमच्यात तेलाचे थेंब मोजत होती.

"ह्या वयात गांजेकस झालो म्हना की," तात्या मला म्हणाले.

"गांजा न्हाई तात्या, औषध हाय," मंगल म्हणाली. गावात बोलताना तिची भाषा पार बदलते.

"औषध तर औषध. ह्याच्या आधी रातभर वरडायलो व्हतो, ताई. सुनंला इचारा. आता झोपतो, नातीला गोष्ट सांगतो. बाई गेल्यावर काय करावं, येवढीच फिकर हाय."

"म्हनून तर दुकान," मंगल म्हणाली. "आज सभेत तेवढं हो म्हना."

"हाव. आपल्या मनात काय बी न्हाई."

आणि खरंच काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

ग्रामसभा पंचायतीपुढच्या मंडपात भरली. मी मनात वाद-विवादाची तयारी करून गेले होते: कुणीतरी 'नशा, नशा' म्हणून ओरडेल, मग मंगल समजावेल. तसं काहीच झालं नाही. अख्ख्या गावाने तात्यांना आधी पाहिलं होतं आणि आताही पाहत होतं. सरपंच ताई उठल्या आणि म्हणाल्या, "औषधाचं दुकान हाय, आपल्याच कामाचं हाय. फकस्त शाळेपासून शंभर मीटर लांब असावं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मंगलने बाजारपेठेतला गाळा पाहून ठेवला होता, तो शाळेपासून बराच लांब होता. माझ्या दृष्टीने काम झालं होतं.

तेवढ्यात तात्यांनी खुर्चीतून हात वर केला. त्यांना दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं.

"शाळेला मान दिला, बराबर केलं. मंग देवाला न्हाई का? उद्या लोक म्हनतील, विश्वस्तानं सोताच्या औषधासाठी देवाचं अंतर सोडलं. खंडोबापासून बी शंभर मीटर लिवा."

मंगलने माझा हात दाबला. खंडोबापासूनही तो गाळा सुटत होता, पण तिला गाव ठाऊक होतं.

विहाराच्या बाजूने निवृत्त शिक्षक कांबळे गुरुजी उठले. आवाज शांत, हात जोडलेले. "आमचा दुकानाला विरोध नाही. पण मंदिराला अंतर आणि विहाराला नाही, असं कागदावर राहायला नको." ते बरोबरच होतं, कोण नाही म्हणणार? मग दर्ग्याचे चाँदभाई उठले: "हमारा बी विरोध न्हाई. पर दर्ग्याला इसरू नका." मग वेशीतला मारुती, मग महादेव, मग लक्ष्मीआई. कोपऱ्यातली एक म्हातारी उठून म्हणाली, "आमच्या गल्लीचा म्हसोबा उघड्यावर हाय म्हनून त्याला कुनी इचारनार न्हाई का?" सरपंच ताईंनी तिला हात जोडले आणि म्हसोबाही लिहून घेतला.

ग्रामसेवकांनी टेबलावर गावाचा नकाशा पसरला. वर्तुळं काढायला कंपास सापडेना, तेव्हा सरपंच ताईंनी हातातली बांगडी काढून दिली. तिचं वर्तुळ शंभर मीटरपेक्षा जरा मोठंच येत होतं. मी तसं हळूच म्हटलं. ग्रामसेवक कानाशी येऊन पुटपुटले, "मॅडम, देवाला जास्तीचं अंतर मिळतंय. आता कमी कोण कर म्हणणार?" बांगडी शाळेवर ठेवली, खंडोबावर ठेवली, विहारावर, दर्ग्यावर, मारुतीवर. म्हसोबाचं वर्तुळ बाजारपेठेच्या बरोबर मध्यावर बसलं. मंगलचा गाळा पेन्सिलीच्या रेघांखाली गेला, मग गावही गेलं. रिकामी राहिली ती ओढ्यापलीकडची जागा, स्मशानाच्या वाटेवर.

"तिथं करा, बाई," लोक मनापासून म्हणाले. ठराव एकमताने झाला. टाळ्या वाजल्या. एकमेकांची इतकी कदर करणारी सभा मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि इतका राग मला कुठल्याच सभेत आला नव्हता.

दुपारी आम्ही ती जागा पाहून आलो. वीज नाही, रस्ता नाही, बाभळी आणि राखेचे ढीग. औषध कुलपात ठेवायचं तर आधी भिंत हवी. मंगल एका दगडावर बसली. "इथे कुठली बाई औषध न्यायला येईल गं? आणि तो पोरगा तरी कशाला बसेल?" तिने तिथूनच तरुण वैद्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात ती लातूरला जाणार, हे ठरलेलंच होतं.

मला राहवलं नाही. संध्याकाळी तात्यांना विचारलंच, "तुम्ही एक शब्द बोलला नसतात तर?"

ते रागावले नाहीत. "देवाकडनं मी न्हाई बोलायचं तर कुनी, ताई? चुकलं बी असंल. पर बघा, कुनाचा मान कमी झाला न्हाई." मग मंगलकडे वळून त्यांनी विचारलं, "ह्या बाटल्या कवर पुरतील?" मंगल म्हणाली, महिनाभर. त्यांनी मान हलवली आणि नातीला हाक मारली.

निघायच्या दिवशी सुलोचना जीपपाशी हुरड्याची पुडी घेऊन आली. पुडी देताना म्हणाली, "सभेच्या दिसापासून अर्धेच थेंब घ्यायलेत. मला म्हनले, बाईला सांगू नको. रातच्याला उशी दातात धरत्यात." मी मंगलकडे पाहिलं. मला लातूरपर्यंत सोडायला निघालेली ती जीपमधून उतरून पुन्हा तात्यांच्या घराकडे गेली, आणि मी लातूरला एकटीच आले.

मिरजेच्या गाडीत बसल्यावर आमची सांगलीची गल्ली आठवली. तिथे गणपतीचं देऊळ आणि आयुर्वेदाचं दुकान यांची भिंत एकच आहे आणि दोघांपैकी कुणाची आजवर तक्रार नाही. आम्ही काही त्या गावापेक्षा शहाणे नाही. आम्हाला शेजाऱ्याच्या देवाची तेवढी पर्वा नाही, इतकंच. त्या मंडपात वाईट माणूस एकही नव्हता. असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

गाडी हलण्याआधी मंगलला फोन लावला. विचारलं, "पुढच्या सभेत ते आपापलं अंतर मागे घेणार नाहीत का?"

"घेतील की," ती म्हणाली. "तात्यांसाठी सगळे घेतील. पण पहिल्यांदा कुणी घ्यायचं, हे ठरेपर्यंत तात्या राहायला हवेत."