छपरावरचा बर्फ

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या आमच्या या शहराचा आइस हॉकीचा जुना हॉल लोकांनी अंगमेहनतीने बांधला होता. छपराच्या लाकडी कमानी ओस्टॅप सुताराने घडवल्या. पुढे हॉलची राखण लॉर्नकडे आली. पाणी सोडून खेळायचा बर्फ गोठवायचा, दंगेखोर पोरांना दटावायचं आणि बाहेर जोराचा बर्फ पडला की वर चढून फावड्याने छप्पर मोकळं करायचं, ही त्याची कामं.

एका हिवाळ्यात बर्फ थांबेचना. लॉर्नने शिडी लावली, तेवढ्यात मेव्हणा गाडी घेऊन हजर.

"चल, तळ्यावर मासे नुसते गळाला लटकतायत!"

"अरे, पण छप्पर?"

"ते कुठं पळून जातंय?"

लॉर्न गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे छप्पर कोसळलं. आत कुणी नव्हतं, एवढंच नशीब.

लाकूड जुनं झालं होतं, असं नगरपालिकेने जाहीर केलं. लॉर्न महापौरबाईंना गाठून म्हणाला, "बाई, बर्फ मी काढलाच नव्हता."

"हळू बोल! लाकूड जुनं होतं म्हणून सरकार नवा हॉल देतंय. उगाच खोडा घालू नकोस."

लॉर्न गप्प बसला. खरं तर त्याला सुटल्यासारखंच वाटलं.

नवा चकचकीत हॉल उभा राहिला, त्याच्याही किल्ल्या लॉर्नकडेच आल्या. लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे, "बरं झालं बाबा, पडला तो!" लॉर्न कसनुसं हसायचा. मग एकदा दुकानात ओस्टॅपची बायको भेटली.

"हे आता चर्चलासुद्धा येत नाहीत रे. मोडक्या कमानीचा तुकडा मांडीवर घेऊन बसतात. म्हणतात, माझाच सांधा कच्चा राहिला, आत पोरं असती तर?"

लॉर्नने हातातलं सामान तिथंच ठेवलं. तो ओस्टॅपच्या घरी गेला.

"काका, सांधा तुमचा चुकला नव्हता. बर्फ काढायचा सोडून मी मासे धरायला गेलो होतो."

म्हाताऱ्याने मांडीवरचा तुकडा खाली ठेवला. "आणि दोन हिवाळे मला असं कुजत ठेवलंस? ऊठ. चालता हो!"

पुढच्या रविवारी ओस्टॅप चर्चला आला आणि कॉफी पिता पिता त्याने सगळ्यांना सगळं सांगितलं. महापौरबाईंनी लॉर्नशी बोलणं टाकलं. लॉर्नने हॉलच्या किल्ल्या आपणहून परत केल्या.

ओस्टॅप अजून त्याच्याकडे बघत नाही.

"शिव्या घालतो म्हणे मला, खणखणीत आवाजात," लॉर्न परवा मला म्हणाला. "घालू दे. पण ते दोन हिवाळे त्याला कुठून आणून देऊ?"